वाचनालयाला कुलूप, माहितीला दलाल

शेतकरी अडाणी आहे म्हणून तो तोट्यात आहे, हे वाक्य आपण तीन पिढ्या ऐकत आलो आहोत. सांगणारे बदलले, वाक्य बदलले नाही. पूर्वी विस्तार अधिकारी सांगत, मग दूरदर्शनवरचे तज्ज्ञ सांगू लागले, आता मोबाईलमधला कोणी अनोळखी आवाज सांगतो. शेतकऱ्यापर्यंत माहिती पोचवली पाहिजे, असे म्हणत जो तो एक नवी योजना काढतो, एक नवे अ‍ॅप काढतो. जणू माहिती शहरात पिकते आणि गावाला तिचा फक्त पुरवठा करायचा असतो!

भावांनो आणि बहिणींनो, खरी गोष्ट उलटी आहे. आपल्या रोजच्या कामाची बरीचशी माहिती आपल्याच शिवारात तयार होते. पाऊस आपल्या रानात पडतो. पीक कापणी प्रयोग आपल्याच कुणाच्या तरी वावरात होतो. नुकसानीच्या मदतीची यादी आपल्याच नावांची बनते. कापसाचा खरा भाव आपल्याच काटापट्टीवर लिहिलेला असतो. पण आपल्याकडून निघालेली ही माहिती आपल्याकडे परत येत नाही. ती कोणाच्या तरी कपाटात, कोणाच्या तरी संगणकात, कोणाच्या तरी खिशात अडून राहते. आणि जिथे माल अडतो तिथे दलाल उभा राहतो, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवायला नको.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. ही अडलेली माहिती मोकळी करण्याची जागा आपल्याकडे आधीच आहे. तिचे नाव सार्वजनिक वाचनालय. त्याने गावाची माहिती गोळा करावी, तिच्यावर तारीख घालावी, ती भिंतीवर लावावी आणि त्याच दिवशी इंटरनेटवरही ठेवावी. हे काम वाचनालयाने केले पाहिजे आणि ते करून घेणे आपल्या हाती आहे.

माहिती अडल्याने किती जाते?

माहिती हा पुस्तकी विषय नाही, रोख पैशाचा विषय आहे. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले पावसाचे. बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो आणि दुसरे कोरडे राहते, असे आपण म्हणतो. सरकारचा हिशेब मात्र महसूल मंडळावर चालतो. मंडळाच्या पर्जन्यमापकात पडला तोच पाऊस. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. राहिलेल्या तालुक्यांतून ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मानली. त्या मंडळांसाठी कसोटी कोणती होती? सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. म्हणजे एका यंत्रातल्या एका आकड्यावर जमीन महसुलातील सूट, कर्जाचे पुनर्गठन, मुलांची परीक्षा फी या सवलती ठरल्या. आपल्या मंडळाचा त्या वर्षीचा आकडा किती होता, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आकडे सरकारच्या संकेतस्थळावर असतात. पण ते रोज पाहून लिहून ठेवणारा आणि आपल्या शिवारातल्या पावसाशी ताडून पाहणारा माणूस गावात नसतो.

दुसरे उदाहरण विम्याचे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, २०२५ च्या खरिपात तो बंद झाला. हप्ता पुन्हा आपल्या माथी आला आणि भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर गेला. मंडळातल्या मोजक्या शेतांत कापणी होते, वजन होते आणि त्या सरासरीवर हजारो शेतकऱ्यांची भरपाई ठरते. प्रयोग कोणत्या गटात आहे, कोणत्या दिवशी आहे, तेथे किती किलो भरले, हे सारे उघड्यावर होणारे काम आहे. तरी गावाला पत्ता नसतो. प्रयोगाच्या वेळी दहा शेतकरी उभे असते आणि वजन तिथल्या तिथे वाचनालयाच्या फळ्यावर लागले असते, तर पुढे सहा महिन्यांनी ‘आमच्या मंडळाला शून्य कसे?’ असे विचारत तालुक्याला खेटे घालावे लागले नसते.

तिसरे कापसाचे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. त्यातच त्या हंगामात केंद्रावर माल देण्याआधी मोबाईलवरच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची झाली. कोणते केंद्र कधी उघडले, काल तेथे किती ओलाव्यावर गाड्या परत गेल्या, नोंदणीला कोणता कागद अडतो, ही माहिती ज्याला आदल्या दिवशी मिळाली त्याचे भाडे वाचले. ज्याला मिळाली नाही त्याने परत येताना वाटेतल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात कापूस घातला. दोघांची मेहनत सारखी, कापूस सारखा. फरक फक्त आदल्या दिवशीच्या बातमीचा!

अ‍ॅप झाले, आता वाचनालय कशाला?

मोबाईल घरोघर आहे, मग वाचनालयाचे काय काम, असे तरुण पोरे विचारतील. प्रश्न रास्त आहे.

मोबाईलवर सारे जग आहे, पण आपल्या गावाचा पाऊस नाही. आणि जे आहे त्याला मायबाप नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या शेवटची तारीख’ असा निरोप येतो. तो कोणी लिहिला, कोणत्या वर्षी लिहिला, आपल्या जिल्ह्याचा की दुसऱ्या राज्याचा, काही कळत नाही. गेल्या साली फिरलेली यादी यंदा पुन्हा फिरते. तारीख नसलेली माहिती म्हणजे गेल्या वर्षीचे पंचांग. त्यावर मुहूर्त धरणाऱ्याचे नुकसानच व्हायचे.

दुसरे असे की, मोबाईलची माहिती ज्याच्या हाती मोबाईल त्याची. घरात एक फोन असतो आणि तो बाहेर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात असतो. घरातली बाई निंदणीला, वेचणीला राबते. सातबारावर नाव असो-नसो, शेती तीच करते. नवरा गेल्यावर वारस नोंदीला कोणते कागद लागतात, हे तिला सांगणारे अ‍ॅप असेलही, पण ते तिच्या हाती नसते. वाचनालयाची भिंत मात्र सगळ्यांची असते. निदान असायला हवी.

वाचनालयाकडे चार गोष्टी आहेत, ज्या एकट्या मोबाईलकडे नाहीत. एक जागा आहे. ठरलेली वेळ आहे. नोंदवही ठेवण्याची सवय असलेला एक माणूस आहे. आणि ती संस्था कोणा कंपनीची, कोणा आडत्याची नाही, ती सार्वजनिक आहे. ग्रंथपालाचे मूळ कामच असे की, कोणती गोष्ट कोठे आहे ते लक्षात ठेवायचे आणि मागणाऱ्याला वेळेवर काढून द्यायची. पुस्तकासाठी हे काम होत असेल तर पावसाच्या आकड्यासाठी का होऊ नये?

हा वारसा आपलाच आहे

वाचनालय म्हणजे शहरी लोकांची कादंबऱ्या वाचण्याची चैन, असे कोणाला वाटत असेल तर त्याने इतिहास पाहावा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. बडोद्याच्या गादीवर आल्यावर त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले. पण शाळा सोडलेला पोरगा वाचायचे विसरतो, हे त्यांना दिसले. म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. गावाने आपला वाटा जमवायचा, मग पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालणार, अशी रीत ठेवली. जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या.

देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला तोही मराठी मुलखात, १९४५ साली कोल्हापूर संस्थानात. पुढे महाराष्ट्राने १९६७ साली आपला ग्रंथालय कायदा केला. आज राज्यात शासनमान्य सार्वजनिक वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. ग्रामपंचायती आहेत अठ्ठावीस हजारांच्या आसपास. म्हणजे दोन-तीन ग्रामपंचायतींमागे एक वाचनालय कागदावर तरी आहे. एवढे पसरलेले सार्वजनिक जाळे नव्याने उभारायचे म्हटले तर किती पैसा लागेल, याचा विचार करा.

मग ते जाळे निपचित का पडले? कारण त्याला उपाशी ठेवले. आपल्या कायद्यात ग्रंथालय निधीला राज्याने दरवर्षी निदान २५ लाख रुपये द्यावेत, असे १९६७ साली लिहिले. शेजारच्या कर्नाटकाने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवून कायमची सोय केली. आपल्याकडे उपकर नाही, सारा भरवसा अनुदानावर. २०२२-२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी गावपातळीवरच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला पन्नास हजारांच्या आतच रक्कम आली. महिन्याला चार हजारांच्या आसपास. त्यातच ग्रंथपालाचे वेतन, वीज, पुस्तके आणि वर्तमानपत्रे! अशा स्थितीत ग्रंथपाल संध्याकाळी दोन तास दार उघडतो हेच पुष्कळ, असे म्हणण्याची पाळी येते.

दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. काही वाचनालये खरोखरच कोणा पुढाऱ्याच्या ओसरीवरची पाटी आहेत. २०१२ साली राज्यभर पडताळणी झाली तेव्हा अनेक ठिकाणच्या त्रुटी चव्हाट्यावर आल्या. पण पाटी खोटी निघाली म्हणून गावाची गरज खोटी ठरत नाही. गावाने विचारले नाही म्हणून पाटीवर भागले. गाव रोज काही मागायला येऊ लागले की पाटीमागे खोली उघडावीच लागेल.

पुद्दुचेरीने काय केले?

हे सारे बोलायला सोपे, करणार कसे, असे कोणी म्हणेल. करून दाखवलेले एक उदाहरण आहे. १९९८ साली पुद्दुचेरीच्या आसपासच्या गावांत स्वामिनाथन प्रतिष्ठानने माहिती केंद्रे सुरू केली. तेव्हा गावात धड टेलिफोन नव्हते. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र होते आणि तेथून गावोगावच्या केंद्रांना बिनतारी जोडणी. जागा गावाने फुकट द्यायची, पण अट अशी की तेथे सर्व जातींच्या माणसांना, बायकांना मोकळेपणी येता आले पाहिजे. एका गावात ते केंद्र देवळाच्या जागेत चालले. चालवणाऱ्यांत बहुतेक गावच्याच बाया.

महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांनी आधी गावाला विचारले, तुम्हाला काय हवे? शेतकऱ्यांनी धान्याचे भाव आणि खता-बियाण्यांची माहिती मागितली, बायांनी दवाखान्याची आणि सरकारी योजनांची, कोळ्यांनी समुद्राची. लाटांचा अंदाज अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावर मिळत होता. तो रोज उतरवून घ्यायचा, तमिळमध्ये लिहायचा आणि वीरमपट्टिनम गावात भोंग्यावरून वाचून दाखवायचा. कोळ्याला संगणकाला हात लावावा लागला नाही. त्याला वाचता आले पाहिजे, अशीही अट नव्हती. इंटरनेटवरची गोष्ट शेवटी माणसाच्या आवाजात किनाऱ्यावर पोचली.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. नल्लवाडू या कोळ्यांच्या गावात असेच केंद्र होते. परदेशात असलेल्या गावच्या एका माणसाने बातमी पाहून घरी फोन केला. गावकऱ्यांनी केंद्रात शिरून त्याच भोंग्यावरून, किनारा सोडा, असे ओरडून सांगितले. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. माहितीसाठी एक ठरलेली जागा असली आणि ती जागा सगळ्या गावाला ठाऊक असली, तर काय होते, याचा याहून मोठा दाखला नको.

वारणेचा धडा

आपल्या राज्यातही १९९८ मध्येच वारणा खोऱ्यातल्या सत्तरएक गावांत संगणक बसवले गेले. मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात शेतकऱ्याने त्या संगणकाचा उपयोग कशासाठी केला? आपल्या उसाचे वजन किती झाले, खताची उचल किती, खात्यावर काय शिल्लक, हे पाहण्यासाठी. बाकीच्या माहितीकडे फारसे कोणी फिरकले नाही. काही वर्षांनी तेच वजनाचे आकडे साध्या मोबाईलवर, चार ओळींच्या निरोपातून देऊन पाहिले आणि संगणकाशिवाय काम भागते असे दिसले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. शेतकरी माहिती शोधतो ती आपल्या हिशेबाची, उपदेशाची नव्हे. आणि यंत्र कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. आकडा खरा, वेळेवर आणि आपल्या गावचा असला की तो कशावरही चालतो.

पण वारणेला कारखाना होता. एकाच ठिकाणी सगळ्यांचे वजन, सगळ्यांचे खाते. आपल्या कोरडवाहू मुलखात असा कारखाना नाही. कापूस दहा दारांनी जातो, ज्वारी आठवड्याच्या बाजारात जाते, कडबा बांधावरच विकला जातो. आपला हिशेब विखुरलेला आहे, म्हणून तो गोळा करणारी जागा आपल्यालाच जास्त लागते. ती जागा खरेदीदाराची असून चालणार नाही. भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच असला, तर काटा कोणाकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

वाचनालयाने काय ठेवावे?

सुरुवात लहान हवी. जगाची माहिती नको, जी दुसरीकडे कोठेच मिळत नाही तीच ठेवावी.

पाऊस : वाचनालयाच्या आवारात किंवा शाळेत एक साधा पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला नोंद. शेजारच्या रकान्यात मंडळाचा सरकारी आकडा. गावच्या नोंदीला सरकार आज मान्यता देणार नाही, हे खरे. पण पाच वर्षांची, एकही दिवस न चुकलेली वही पुढे ठेवली, तर मंडळाच्या यंत्राविषयी हरकत घ्यायला पायाखाली जमीन असेल.

पाणी : गावच्या पाच-सहा विहिरींची पातळी, महिन्यातून एकदा. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस कमी तर पिके कोणती घ्यायची हे ठरवण्याची शिस्त लावली. ताळेबंदाला आधी नोंद लागते.

भाव : विक्री करून आलेल्या शेतकऱ्याने आपली काटापट्टी दाखवावी. नाव झाकून तारीख, ठिकाण, वजन, ओलावा, कपात आणि हाती पडलेली रक्कम लिहावी. छापील भाव आणि हाती पडलेला भाव यांतला फरक दहा पट्ट्यांतच दिसेल. ज्वारीबरोबर कडब्याचाही भाव लिहावा. ज्वारीचा अर्धा जीव कडब्यात असतो आणि त्याचा आकडा कोणत्याही तक्त्यात येत नाही.

याद्या आणि तारखा : मदतीची यादी, विशिष्ट क्रमांक, केवायसीची मुदत, पीक कापणी प्रयोगाचे गट व दिवस, ग्रामसभेची नोटीस आणि ठराव, ई-पीक पाहणीची शेवटची तारीख.

अडीअडचणीचे पत्ते : गुरांचा डॉक्टर कोणत्या वारी येतो, जळालेल्या डीपीची तक्रार कोठे करायची, पेरणी यंत्र व मळणी यंत्र भाड्याने कोणाकडे आहे, एसटीची वेळ. आणि फवारणीच्या दिवसांत विषबाधेवर जवळ कोठे उपचार होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा डॉक्टरकडे सोबत न्या, या दोन ओळी भिंतीवर मोठ्या अक्षरांत असल्या तरी एखादा जीव वाचेल.

काय ठेवू नये, तेही सांगितले पाहिजे. आधार क्रमांक, बँक खाते, कोणाचे किती कर्ज थकले, कोणाच्या घरी कोणते आजारपण, यांतले काहीही भिंतीवर नको आणि इंटरनेटवर तर नकोच नको. गावाचा हिशेब उघडा हवा, माणसाची अब्रू झाकलेली हवी. प्रत्येक नोंदीखाली तीन गोष्टी असाव्यात : माहिती कोणी दिली, कोणत्या तारखेला दिली आणि ती केव्हा शिळी होते. मुदत संपली की नोंद काढून जुन्या वहीत ठेवायची. फाडायची नाही, कारण पुढच्या वर्षी तीच पुरावा होते.

इंटरनेटवर कसे जाणार?

गावोगाव संकेतस्थळ काढून द्या, अशी मागणी कोणी करू नये. तसे केले तर ठेकेदार येईल, उद्घाटन होईल आणि सहा महिन्यांनी पान बंद पडेल. काम वाटून घेतले पाहिजे. गावच्या वाचनालयाने रोजची नोंद वहीत करावी आणि मोबाईलवरून तालुक्याच्या वाचनालयाकडे पाठवावी. तालुक्याने ती तपासून एका ठरावीक साच्यात चढवावी. पान जिल्ह्याने सांभाळावे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. मग पुण्या-मुंबईला कामाला गेलेला पोरगाही तेथून गावचा पाऊस पाहील, यादीत बापाचे नाव आहे का ते पाहील आणि फोन करून सांगेल. शेजारच्या मंडळातला शेतकरी आपला आकडा आणि त्यांचा आकडा ताडून पाहील. भिंतीवरची माहिती एका गावाची असते. शंभर भिंती इंटरनेटवर एकत्र आल्या की ती जिल्ह्याची ताकद होते.

आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी पुद्दुचेरीचा भोंगा आहे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे वाचून दाखवावे.

जोडणीचा प्रश्न उरतो. गावोगाव ऑप्टिकल तार नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी येऊन थांबलेली तार वाचनालयाच्या खोलीत न्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. कर्नाटकाने २०१९ नंतर साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये पंचायत खात्याकडे आणून तेथे संगणक आणि इंटरनेट द्यायला सुरुवात केली. तेथे होते तर येथे का नाही?

सरकारी कार्यालये माहिती देणार नाहीत, असेही कोणी म्हणेल. कायदा आपल्या बाजूने आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, कार्यालयाने आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करायची. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यायची. इतकेच नव्हे, तर लोकांना माहिती मिळवण्याच्या सोयींत सार्वजनिक ग्रंथालय वा वाचन कक्ष असेल तर त्याच्या वेळाही जाहीर कराव्यात, असे त्याच कलमात लिहिले आहे. तेव्हा यादीची एक प्रत वाचनालयाला द्या, ही विनंती नाही. कायद्याने सांगितलेल्या कामाची ती आठवण आहे.

आता ठराव करू या

जिल्ह्याच्या बैठकीपुढे पुढील गोष्टी ठेवाव्यात, असे सुचवतो.

१) मदत, विमा आणि ई-पीक पाहणीच्या प्रत्येक यादीची व तारखेची प्रत, आधार व बँक क्रमांक वगळून, गावच्या वाचनालयात त्याच दिवशी लावावी.

२) पीक कापणी प्रयोगाचे गट आणि दिवस आठ दिवस आधी जाहीर करावेत आणि वजन तेथल्या तेथे लेखी द्यावे.

३) स्थानिक माहितीच्या नोंदी ठेवणाऱ्या वाचनालयाला त्या कामासाठी वेगळे अनुदान द्यावे. ग्रंथपालाच्या माथी फुकटचे काम मारू नये.

४) वाचनालय बायाबापड्यांना येता येईल अशा वेळी, सर्वांना मोकळ्या असलेल्या जागेत उघडे असावे. कोणाच्या ओसरीवर असेल तर ते शाळेत किंवा पंचायतीच्या खोलीत आणावे.

५) ग्रामपंचायतीची इंटरनेट जोडणी वाचनालयापर्यंत न्यावी.

यातली एकही मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पर्जन्यमापक दोन-चारशे रुपयांत मिळतो. वही आपल्या घरात आहे. काटापट्टी आपल्या खिशात आहे. बारावी झालेली पोरगी गावात आहे आणि तिला या कामाचे चार पैसे गावाने वर्गणीतून द्यायला हरकत नाही. सयाजीरावांच्या काळीही गावाने आधी आपला वाटा काढला, मग सरकारचा आला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : आपल्या गावात किंवा शेजारी मान्यताप्राप्त वाचनालय आहे का, ते दिवसात किती वेळ उघडे असते आणि त्याची किल्ली कोणाकडे असते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधून आणा. पुढचे काम त्या किल्लीपासून सुरू होणार आहे.